गटाची बैठक ओस पडली, हप्ते थकले. बारा जणींना पुन्हा एकत्र कसं बसवायचं?

पळसफूल

बचत गटांचं काम जवळून माहीत असलेल्यांकडून नेमका सल्ला हवा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावातला बारा जणींचा गट, चार वर्षं जुना. त्याचं हिशेब-लेखन बघायचं काम नुकतंच माझ्याकडे आलंय.

बचत दरमहा प्रत्येकी १०० रुपये. उमेदकडून (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) फिरता निधी, म्हणजे आपसात कर्ज फिरवायला मिळणारी रक्कम, १५,००० मिळालेला. सात महिन्यांपूर्वी बँकेकडून ३ लाखांचं कर्ज घेतलं, ७ टक्के दराने, ३६ हप्ते, महिना ९,२६३ रुपये. आलेली रक्कम सगळ्यांत सारखी वाटून टाकली. प्रत्येकी २५,००० हातात, हप्ता प्रत्येकी ७७२.

आजची स्थिती अशी: बैठकीला पाच-सहा जणी येतात. बाकीच्या बचतीचे पैसे सचिवताईंच्या घरी नेऊन देतात किंवा लेकराच्या हाती पाठवतात. दोघींनी पाच महिने हप्ता दिलेला नाही. तो खड्डा सचिवताई गटाच्या खात्यातून भरत आल्या, ठराव न लिहिता. हे आता बाहेर फुटलं आणि 'त्या भरत नाहीत तर आम्हीच का भरायचं' असं सुरू झालंय. अध्यक्ष आणि सचिव पहिल्या दिवसापासून त्याच दोघी.

एकीवर भाषणं देऊन झाली, काही फरक नाही. सुरुवात कुठून करावी?

खतावणी

सुरुवात हिशेबापासून करा. एकी, विश्वास वगैरे त्यानंतर आपोआप येतं. आपला पैसा कुठे आहे हे ज्या बाईला माहीत नाही, ती बैठकीला येणार तरी कशाला?

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून एक गोष्ट आधी बघा. दोघींचे ७७२ म्हणजे महिन्याला १,५४४. पाच महिन्यांचे ७,७२०. हे पैसे गटाच्या निधीतून गेले, म्हणजे बारा जणींच्या खिशातून गेले, प्रत्येकीचे साधारण ६४३ रुपये. तिला न विचारता. भांडणाचं मूळ हे आहे. सचिवताईंचा हेतू चांगलाच असणार, बँकेत गटाचं नाव खराब होऊ नये म्हणून त्यांनी भरले. पण न सांगता केलेलं चांगलं कामही गटात संशयच पेरतं.

एका बैठकीचा विषय फक्त ताळेबंद ठेवा. बाराही वैयक्तिक पासबुकं, रोकडवही, खतावणी (खात्यांनुसार हिशेबाची वही), इतिवृत्त वही आणि बँकेतून त्याच आठवड्यात भरून आणलेलं गटाचं पासबुक समोर घ्या. एकेकीची बचत मोठ्याने वाचा, तिच्याकडून 'बरोबर' म्हणवून घ्या. मग दोन रकाने फळ्यावर किंवा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहा. बँकेचं कर्ज यात धरू नका, त्याचं पान वेगळं.

पैसा आला कुठून: बचत ५७,६०० (१२ × १०० × ४८ महिने), समजा व्याज ९,४००, दंड ३००, फिरता निधी १५,०००. एकूण ८२,३००. त्यातून स्टेशनरी, प्रवास वगैरे खर्च समजा १,८०० वजा. राहिले ८०,५००.

पैसा आहे कुठे: अंतर्गत कर्जात (गटाने स्वतःच्या निधीतून सदस्यांना दिलेलं) समजा ५२,०००, बँकेत १९,४८०, पेटीत १,३००. बेरीज ७२,७८०. फरक ७,७२०. हा फरक म्हणजेच त्या दोघींसाठी भरलेली रक्कम. तुमच्याकडचे खरे आकडे वेगळे निघतील, पण दोन्ही रकाने जुळेपर्यंत बैठक उठवू नका. जुळत नसेल तर चूक बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडते: बचत वैयक्तिक पासबुकात चढली पण रोकडवहीत नाही, कर्जाची परतफेड मुद्दल आणि व्याज अशी न फोडता एकरकमी लिहिली, बँकेने कापलेले चार्जेस वहीत आलेच नाहीत.

व्याजाची पद्धतही तेव्हाच तपासा. अंतर्गत कर्ज शेकडा २ रुपये महिना असेल आणि १०,००० रुपये दहा हप्त्यांत फेडायचे असतील, तर उरलेल्या मुद्दलावर व्याज होतं २००, १८०, १६० असं उतरत जाऊन एकूण १,१००. पण कित्येक गटांत मूळ रकमेवरच दर महिन्याला २०० घेतात, म्हणजे २,०००. बाईचे ९०० जास्त गेले. हे लक्षात आलेली सदस्य गटातून मनाने कधीच बाहेर पडलेली असते.

आता बैठकीबद्दल. पुढच्या बैठकीपासून एकच नियम पाळा: बैठकीबाहेर पैसा हलणार नाही. बचत घरी आणून दिली तर सचिवताईंनी घ्यायचीच नाही, 'बैठकीत दे' म्हणून परत पाठवायची. घरपोच बचत सुरू झाली की बैठकीचं कारणच संपतं. गट मोडायची पहिली पायरी बहुतेक ठिकाणी हीच असते.

क्रम असा ठेवा. सगळ्या गोल बसतात, पदाधिकारीही त्याच सतरंजीवर. हजेरी. मागचं इतिवृत्त वाचून दाखवणं. पेटी मध्ये ठेवून मागची शिल्लक मोजणं. मग एकेकीने स्वतः उठून बचत आणि हप्ता मध्ये ठेवायचा, रक्कम स्वतःच्या तोंडाने सांगायची. लिहिणारी लिहिते, शेजारची दुसरी मोजते. त्यानंतर नवीन कर्जमागणी, गटापुढचा एखादा विषय, शेवटी पुन्हा रोकड मोजून आकडा मोठ्याने जाहीर आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठे. इतिवृत्त तिथंच पूर्ण झालं पाहिजे. कोऱ्या पानावर सह्या घेऊन 'मी घरी लिहिते' हे बंद.

बारा जणींचं एवढं काम तासाभरात होतं. दीड तासावर गेलं की पुढच्या वेळी दोघी कमी येणार हे धरून चाला.

शाखेतला

बँकेच्या बाजूने थोडं.

गटाने हप्ता भरत ठेवला म्हणून खातं आज नियमित दिसतंय. पण वरच्या उदाहरणातली शिल्लक धरली तर बँक आणि पेटी मिळून २०,७८० रुपये, नवी बचत आणि परतफेड न धरता महिन्याला १,५४४ या हिशेबाने ती तेरा हप्ते पुरते. म्हणजे गरजू सदस्येला अंतर्गत कर्ज द्यायला त्या शिल्लकेतून फारसं काही उरणार नाही. आणि ती आटल्यावर हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीतकडे झुकलेलं. पुढचं मोठं कर्ज मग विसरा.

कर्ज सारखं वाटून घेणं ही इथली मूळ चूक. ज्या बाईला गरज नव्हती तिलाही २५,००० मिळाले, ते घरात मुरले. ज्या बाईला शेळ्यांसाठी ४०,००० हवे होते तिला पंचवीसच मिळाले आणि धंदा अर्धवट राहिला. दोघींच्याही हप्त्याला उत्पन्नाचा आधार नाही. कर्ज मागण्याआधी प्रत्येकीने गरज, रक्कम, फेड कुठून आणि किती महिन्यांत हे गटापुढे सांगायचं, गटाने क्रम लावायचा आणि तेवढ्याच बेरजेची मागणी बँकेत न्यायची. सूक्ष्म पतपुरवठा आराखडा तो हाच, फक्त तो शेवटच्या दिवशी कोणीतरी एकटीने भरलेला कागद नसावा. एखादीने 'मला या वेळी नको' म्हणणं हे चांगल्या गटाचं लक्षण आहे.

दोन गोष्टी गटांना माहीत नसतात. एक, अशा कर्जासाठी गटाच्या बचत खात्यावर बँकेने बोजा ठेवायचा नसतो आणि ठेव ठेवायचा आग्रहही धरायचा नसतो. तुमची बचत अडकलेली आहे असं कुणी सांगत असेल तर लेखी मागा. दोन, एखाद्या सदस्येचं स्वतःचं वेगळं कर्ज बँकेत थकलं असलं तरी तेवढ्यावरून गटाला सहसा नाकारत नाहीत, गट स्वतः थकबाकीदार नसला पाहिजे. मात्र गटाच्या कर्जातून त्या सदस्येला पैसे देता येत नाहीत.

आणि कोऱ्या विड्रॉल स्लिपांवर आधीच सह्या करून ठेवल्या असतील तर आजच फाडून टाका.

पळसफूल

कोऱ्या स्लिपा खरंच आहेत, उद्याच बघते. ताळेबंदाचंही पटलं.

थकलेल्या दोघींबद्दल आणखी सांगते. एकीच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं, मजुरी बंद. ती बैठकीला यायला लाजते. दुसरीचं घर गावातलं वजनदार, भावकी मोठी, तिला कुणी विचारायला धजत नाही. तिची मायक्रोफायनान्सची दोन कर्जंही आहेत असं कळतं. दोघींना एकच नियम लावायचा का?

माळरान

नियम एकच, वागणूक दोन प्रकारची. आणि नियम तुम्ही किंवा उमेदच्या प्रभाग समन्वयकांनी लिहून नेऊ नका. छापील नियमावली बऱ्याच गटांकडे असते आणि वहीच्या पुठ्ठ्यातच राहते. स्वतःच्या तोंडाने ठरवलेला नियमच पुढे तोंड उघडायचं बळ देतो.

पहिल्या ताईंचं बघू. तिची थकबाकी ५ × ७७२ म्हणजे ३,८६०. गटाने भरलेली ही रक्कम ठराव करून तिच्या नावावर अंतर्गत कर्ज म्हणून चढवा. याने तीन गोष्टी होतात. गटाचा ताळेबंद जुळतो, ती 'बुडवणारी' न राहता कर्जदार होते, आणि बाकीच्या दहा जणींना आपले पैसे कुठे आहेत ते वहीत दिसतं. पुढचे सहा महिने तिने अर्धा हप्ता भरायचा, ३८६. उरलेला अर्धा गट भरेल, सहा महिन्यांचे २,३१६, तेही त्याच कर्जखात्यात. मजुरी सुरू झाल्यावर चालू हप्ता पूर्ण आणि वर महिना २०० ते ३०० जुन्या खात्यात. व्याज लावायचं की नाही हे गटाने ठरवावं. माझं मत, त्या सहा महिन्यांचं सोडा. पण लिहा. 'माफ' केलेलं व्याज न लिहिता सोडलं की पुढे तेच बोट दाखवायला वापरतात.

लाजून घरी बसलेल्या बाईला निरोप पाठवू नका. दोघींनी घरी जावं, त्यांतली एक पदाधिकारी नसावी. पैशाचा विषय त्या दिवशी काढायचा नाही, ऑपरेशनचं विचारायचं आणि बैठकीचा दिवस सांगून यायचं.

दुसऱ्या ताईंचं अवघड आहे. तिला एकटीला गाठून विचारायला कुणी जाऊ नये, ते भांडण दोन घरांचं होतं आणि मग गावाचं. ताळेबंदाच्या बैठकीत प्रत्येकीचं नाव आणि बाकी वाचली जाणारच आहे. तिचंही वाचलं जाईल, अध्यक्षांच्या नावाइतक्याच आवाजात, कमी नाही आणि जास्तही नाही. आरोप कुणी केलेला नाही, आकडा वाचला. बारा जणींसमोर वाचलेला आकडा नाकारणं भल्याभल्यांना जड जातं.

त्यानंतर पायऱ्या ठरवा. पहिला हप्ता चुकला तर बैठकीत नोंद आणि कारण विचारणं. दुसरा चुकला तर ठरलेला दंड, दहा-वीस रुपयेच, पण वसूल होणारा. तिसऱ्याला थकबाकी पूर्ण होईपर्यंत नवीन कर्ज नाही. त्यापुढे ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाच्या, बैठकीत विषय. सदस्यत्व काढणं अगदी शेवटचं, आणि तेव्हाही तिची बचत कर्जात वळती करून उरलेले पैसे तिला द्यायचेच, तेही पावतीवर सही घेऊन. ग्रामसंघाची पायरी खास अशाच घरांसाठी कामाची असते. शेजारीण बोलू शकत नाही ते दहा-पंधरा गटांच्या प्रतिनिधी मिळून बोलू शकतात.

सामाईक जंगलं, कुरणं, पाटाचं पाणी लोक वर्षानुवर्षं कसं टिकवतात हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशी तपासलं, त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना जे समान दिसलं त्यात हेही होतं: शिक्षा छोटीपासून सुरू होते आणि चढत जाते, नियम पाळणारेच ते बनवतात, आणि लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच असतात. गटाची पेटी हीसुद्धा सामाईकच वस्तू आहे. पहिल्याच चुकीला बाहेर काढायची धमकी दिली की दोन गोष्टींपैकी एक होते, धमकी पोकळ ठरते किंवा गट फुटतो.

मायक्रोफायनान्सचं मात्र वेगळं बसून विचारा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशा कर्जदार कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत. तिच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज करून बघा. निम्म्याच्या वर जात असेल तर ती वजनामुळे भरत नाही असं नसेलही, तिचाही गळा आवळलेला असेल आणि घराच्या नावापायी बोलता येत नसेल. एजंट दर आठवड्याला दारात उभा राहतो, गट राहत नाही, म्हणून गटाचा हप्ता मागे पडतो.

सुईदोरा

वरचं सगळं बरोबर, पण दंडाबद्दल थोडा वेगळा विचार मांडते. दंड हे गटाचं उत्पन्न होता कामा नये. उशिराचे ५ रुपये, न सांगता गैरहजर राहिल्याचे २० रुपये इतकं पुरे, आणि आजारपण, बाळंतपण, मयत, लेकराची परीक्षा यांना सूट आधीच लिहून ठेवा, नाहीतर दर वेळी 'तिला सोडलं, मला का नाही' होतं. आणि पहिला दंड अध्यक्षांना लागला पाहिजे. त्या उशिरा आल्या आणि त्यांनी स्वतःहून ५ रुपये पेटीत टाकले, की पुढची सहा महिन्यांची समजूत त्या एका मिनिटात होते. दंडात सूट देण्याचा अधिकार कुणा एकीला नको.

खरी दुरुस्ती पदांमध्ये आहे. चार वर्षं दोघीच सगळं करतात म्हणजे दहा जणींना गटात करायला काही नाही. त्या ग्राहक झाल्या. बाराही जणींना काम द्या: पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, पैसे मोजणारी तिसरी, निरोप देणाऱ्या दोघी, बँकेत जायची पाळी दर महिन्याला वेगळ्या दोघींची. एकटीने कुणीच बँकेत जायचं नाही. ज्या बाईने स्वतः रांगेत उभं राहून गटाचा हप्ता भरलाय तिला हप्ता चुकणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बँकेत जाणाऱ्यांचं बसभाडं गटाने द्यायचं आणि बुडालेल्या मजुरीचं काय ते आधी ठरवायचं. फुकट राबणारी सचिव सुरुवातीला सगळ्यांना आवडते, दोन वर्षांनी तीच म्हणते 'मीच का'. तुमच्या सचिवताई तिथवर आल्या असतील, त्यांच्याशी आधी बोला. ताळेबंदाच्या बैठकीत त्यांना पिंजऱ्यात उभं करू नका. ते ७,७२० त्यांनी का भरले हे त्यांनी स्वतःच सांगितलं पाहिजे.

पदं बदलताना तिघींना एकदम बदलू नका. आधी कोषाध्यक्ष, सहा महिन्यांनी सचिव, नंतर अध्यक्ष. नवीन सचिवाने आधी दोन-तीन बैठका जुन्या सचिवाशेजारी बसून कच्च्या वहीत लिहायचं, मग वही हातात घ्यायची. बँकेत सह्या बदलायला सर्व सदस्यांच्या सह्यांचा ठराव, नव्या पदाधिकाऱ्यांचं आधार आणि फोटो लागतात. शाखेत आधी विचारून जा, त्यांचा छापील नमुना असतो.

'आमच्यात लिहिता येणारी एकच आहे' हे कारण येईलच. लिहिता एकीलाच येत असेल, मोजता बाराही जणींना येतं. शेंगा, कापूस तोलून मजुरीचा हिशेब तोंडी करणाऱ्या बायका आहेत या. फळ्यावर नावाऐवजी खूण काढा, कुणाचं पान, कुणाची चूल, कुणाची विहीर, आणि पुढे आकडा. दोन-तीन बैठकांत प्रत्येक जण आपली ओळ ओळखते आणि शेजारणीचीही. देखरेखीला एवढं पुरतं.

पळसफूल

खूप उपयोग झाला. शेवटचं एक. ताळेबंदाच्या पहिल्या बैठकीला बाराही जणी याव्यात यासाठी काय करायचं? कापूस वेचणी सुरू आहे.

खतावणी

वेळ बदला. वेचणीच्या दिवसांत दुपारची बैठक म्हणजे मजुरीवर पाणी, ती कुणीच करणार नाही. रात्री आठनंतर, स्वयंपाक उरकल्यावर. आणि वार असा निवडा की आठवड्याचा चुकारा हातात आलेला असेल पण बाजार अजून व्हायचा असेल. बाजार झाला की पैसे संपलेले असतात आणि बाई बैठक टाळते, कारण रिकाम्या हाताने यायला नको वाटतं. महिन्याला १०० एकदम जड जात असतील तर आठवड्याला २५ करा. उमेदची पद्धतही साप्ताहिक बैठकीचीच आहे. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या बायकांना दर वेळी नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

माळरान

जागा अध्यक्षांच्या ओट्यावरून हलवा. एखादी त्या घरी का येत नाही याची कारणं जुनी असतात, भावकीची असतात, जातीचीही असतात, आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. अंगणवाडी किंवा समाजमंदिर घ्या, रात्रीची किल्ली कुणाकडे आहे ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, लाइट गेली तर म्हणून एक चार्जिंगचा दिवा. पुरुषमंडळी दाराशी बसणार नाहीत हे आधीच सांगा.

सुईदोरा

निरोप 'हप्त्याचं बोलायचंय' असा द्यायचा नाही. 'तुझी चार वर्षांची बचत आणि त्यावरचं व्याज वाचून दाखवणार आहोत, पासबुक घेऊन ये' असा द्यायचा. आणि ज्यांचं पासबुक सचिवताईंच्या पेटीतच पडून आहे त्यांची नावं आधी काढा. ती पासबुकं बैठकीच्या दोन दिवस आधी घरोघर पोचती करा, म्हणजे घरातलं शिकलेलं लेकरू आधी वाचून बघेल आणि बाई प्रश्न घेऊनच येईल.